मधला तुकडा आणि चार कोपरे

लताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलबाजारात एका गिऱ्हाइकाशी भावावरून हमरीतुमरीवर आलो होतो. फोन ठेवला आणि समोरच्याने सांगितलेला भाव मुकाट मान्य केला... आयुष्यात पहिल्यांदाच. पण आज लिहायला बसलो तो रडायला नाही. तिच्या दहाव्याला माझा चुलतभाऊ दत्तू चारचौघांत म्हणाला, "आत्यानं एकदाच माप चुकवलं, ते बी लाडक्या भाच्यासाठी." हे त्याला उत्तर आहे.

मखमलाबादकडचं आमचं सामाईक शेत चार बाजूंचं, पण एक बाजू दुसरीसारखी नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही ते निम्मं करायला घेतलं. झेंडूसाठी मला विहिरीजवळचा मधला सलग तुकडा हवा होता, भाजीपाल्यासाठी दत्तूला रस्त्याकडचे कोपरे. आत्या नाशिकरोडला शाळेत गणित शिकवायची. तिने चारही बांधांच्या बरोबर मध्यावर खुंट्या ठोकल्या आणि त्या सुतळीने जोडल्या. "आतलं तुझं, चार कोपरे त्याचे. बरोब्बर निम्मं."

दसऱ्याला झेंडू फुलला आणि दत्तूचं डोकं फिरलं. त्याची कोथिंबीर काढून झालेली, कोपऱ्यांत नुसती माती. "मधला लय मोठा हाय, आंधळ्याला बी दिसंल!"

"तुला फुलं दिसतात रे, जमीन नाही," आत्या म्हणाली. मी बाह्या सरसावल्या, तर माझ्यावरच खेकसली, "तू गप. ओरडून क्षेत्रफळ वाढत नाही!"

मग तिने दत्तूच्या हातात पुठ्ठा आणि कात्री दिली. "हवा तसा वाकडा चौकोन काप. बाजूंचे मध्य जोड, कोपरे छाट आणि बसव मधल्या तुकड्यावर." त्याने ते चार तुकडे फिरवले, सरकवले... मधला तुकडा पूर्ण झाकला गेला. फट नाही, काही उरलं नाही. दत्तू उठून गेला. तेव्हापासून त्याने तिला दिवाळीला बोलावणं सोडलं. तिचं अर्धं माहेर तुटलं.

मला राहवेना. म्हणालो, "आत्या, हातभर सोडतो. मिटव एकदाचं."

"हातभर सोडलास तर मी खोटी ठरेन," ती म्हणाली.

आता दत्तूचा निरोप आलाय, नव्याने मोजू. ये बाबा. सगळ्याचा भाव मी कमीजास्त करत आलो, आत्याच्या मापात करणार नाही. ते पुठ्ठ्याचे तुकडे माझ्या गल्ल्याशेजारी आहेत, आणि ते तुझ्याच हातचे आहेत.