माझ्या अंगातली तांबी

मी टेबलावर उताणी. पाय वर बांधलेले, लुगडं कमरेवर. आन् मी जिची धुणीभांडी करायचे ती मालकीण पायाशी उभी राहून डॉक्टरणीला म्हणली, "तांबी बसवून टाका. हिला काय विचारायचं? हिला पोट राहिलं तर मी दुसरी कामवाली कुठं शोधू? ह्यांचं मेंढरासारखंच असतं."

डॉक्टरीण हसली. हसली! आन् बसवली. मी वरडले तर मालकीण म्हणली, "गप गं, एवढं काय!"

दुष्काळात मेंढरं इकून आम्ही पिशोरकडून शहरात आलो होतो. पुंडलिकनगरात नवी घरं उठत होती. नवरा गवंड्याच्या हाताखाली, मी भांड्याला. ओटीपोटात दुखायचं म्हणून मालकिणीला सांगितलं, तर तीच दवाखान्यात घेऊन गेली. मला वाटलं, माया हाय बाईला. कसली माया न् कसलं काय!

माझा बाप मेंढा खच्ची करताना त्याच्या कपाळावर हात ठिवायचा. "उगी रं लेकरा," म्हणायचा. मला तेवढंबी कुणी म्हणलं नाय.

खरं सांगू? दोन पोरी होत्या, तिसरं मलाच नको होतं. इचारलं असतं तर मीच व्हय म्हणले असते. ह्याचीच लई आग होती.

सासूला कळलं. "माझ्या नातवाचा गळा घोटला रांडंनं!" नवऱ्यानं केस धरून भिंतीवर आपटलं. मी म्हणले, मला तिसरं नको, तांबी चालत नसंल तर मंग तुम्ही करून घ्या आपरेशन. तर म्हणला, "मी काय बैल हाय का खच्ची करायला?"

सकाळी दोघांनी मला सरकारी दवाखान्यात वढत नेलं. तांबी काढायला. पुन्हा तसंच टेबल. नर्सनं इचारलं, पण नवऱ्याला. "काढायची का?"

"काढा."

माझं डोस्कं सणकलं. मी उठून बसले, लुगडं खाली वढलं.

"हात लावायचा नाय. अंग माझं हाय. मला इचारा."

सासू म्हणली, "मंग घरात पाय ठिवू नको."

"नाय ठिवत."

दवाखान्याच्या दारात बसलेल्या पोरींना घेऊन निघाले. वाटंत मालकिणीचं घर. ती म्हणली, "उशीर केलास. भांडी पडलीत." मी म्हणले, "तुमची तुम्ही घासा. माझ्या अंगाचं मी बघते."

तांबी अजून अंगात हाय. आता ती मी ठिवलीय. काढायची तवा मीच सांगीन, काढा म्हणून. आन् माझ्या पोरींना न इचारता कुणी त्यांच्या अंगाला हात लावला, मंग ती मालकीण असू दे नायतर नवरा, तो हात मी जाग्यावर ठिवणार नाय.