रोबोटची मुलाखत
आमचा हा शेजारी कशेळीच्या गोदामात सुपरवायझर आहे, पण सांगताना दिग्दर्शक सांगतो. लहानपणी टीव्हीवर लागणाऱ्या एका अंतराळ मालिकेवर माहितीपट काढायचा म्हणून त्याने चाहत्यांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा केली. दुसऱ्याचं वाक्य तो कधी पुरं होऊ देत नाही.

कॅमेरा धरायला त्याने मला अकलोलीला नेलं. मालिकेत रोबोट झालेले काका तिथे राहतात. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते वाट बघत होते.

“आता तरी माझं तोंड दिसू दे रे,” काका म्हणाले. “नातवांना खरंच वाटत न्हाय, मी...”

“ॲक्च्युअली काका, लोकांनी पैसे रोबोटसाठी दिलेत,” म्हणत याने सोबत आणलेला पत्र्याचा मुखवटा त्यांच्या डोक्यावर चढवला.

मग केस विंचरून तो काकांच्या बाजूला बसला आणि मला म्हणाला, “क्लोजअप माझा घे.”