पुढे अठ्ठावीस, मागे चोवीस

धामणकर नाक्यावर केसरीनाथ भोईरकडे सायकल दुरुस्तीला दिलीत, तर ती परत देताना तो एक विचित्र प्रकार करतो. चाकाला दाबणाऱ्या ब्रेकच्या गुटक्यावरून अंगठा फिरवतो आणि तो अंगठा नाकाशी नेऊन हुंगतो. नवं गिऱ्हाईक हसतं. मी हसत नाही. ही सवय त्याला कशी लागली ते मला ठाऊक आहे, आणि त्या सकाळी त्याने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की पुढे चार दिवस मला हात वर करता येत नव्हता.

मी दत्तोपंत, शाळेतला कारकून. आमच्या तीन पिढ्या भिवंडीत गेल्या. केसरीनाथ खाडीकाठच्या गावचा आगरी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझ्या दुप्पट हट्टी. आमच्या गावात ज्याला दुसरं काही जमत नाही तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जातो, आणि ज्याला जमतं त्याचेही दोन भाऊ लूमवर असतातच. हा पठ्ठ्या मात्र एक दिवसही कारखान्यात शिरला नाही. तो खटखटाट माणसाचं डोकं खातो, म्हणायचा. याचा त्याला भारी अभिमान होता, आणि स्पष्ट सांगायचं तर त्या अभिमानानेच त्याला गोत्यात आणलं.

साल एक्क्याण्णव. नवशा नावाचा एक वारली त्याच्याकडे आला. अंबाडीच्या पलीकडे डोंगरावर त्याचा पाडा. शेताचा लहानसा तुकडा, बाकीचे दिवस अंबाडीत मजुरी. त्याची मुलगी सखी पाड्यावरच्या शाळेत चौथी पास झाली होती, पण पाचवी खाली अंबाडीत. डोंगर उतरून पुढे सडकेने जायचं, सगळं मिळून सात किलोमीटर, आणि संध्याकाळी तेवढंच परत. पहिल्या सहामाहीत पोरगी निम्मे दिवस गैरहजर. मास्तरांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवसापासून रोज दिसली तर ठीक, नाहीतर पटावरून नाव कमी.

नवशाकडे भावाची जुनी सायकल होती. डोंगर चढताना पोरीला मागे घेऊन ती ओढवत नव्हती. "काय तरी करा दादा," तो म्हणाला. "चढली पायजे, आन उतरताना थांबली पायजे."

त्या वर्षी दुकानांत सरळ दांड्याच्या, जाड टायरच्या नव्या सायकली आल्या होत्या. डोंगरावर चालतात म्हणे. केसरीनाथने त्या लांबूनच बघितल्या आणि म्हणाला, "आमी आमची बनवू." त्याने पुढे अठ्ठावीस इंची चाक तसंच ठेवलं आणि मागे चोवीस इंची बसवलं. मी म्हटलं, ही काय सर्कशीत पाठवायची आहे का? तर मला खाली बसवून शिकवू लागला. मागचं चाक लहान, म्हणजे पायाला जोर कमी लागतो आणि कॅरियरवरची पोरगी जमिनीजवळ बसते. पुढचं मोठं, म्हणजे दगडात अडकत नाही. हट्टी माणूस बरोबर असला की फार त्रास होतो.

अडलं ते ब्रेकपाशी. चाक लहान झालं, म्हणून मागचे गुटके दोन इंच खाली घ्यावे लागले. ते त्याने सुबक केलं. पण मागे दोन माणसांचं ओझं बांधून खाडीच्या पुलाच्या उतारावर दिवसभर चाचणी घेतली, तेव्हा रबराचे गुटके पार झिजून गेले. आठ दिवसांनी रबर बदलायला नवशा डोंगरावरून भिवंडीला कसा येणार? केसरीनाथला झोप येईना. मग त्याला समोरच्या गल्लीतला रामनाथ आठवला. रामनाथ लूम दुरुस्त करणारा जॉबर, मूळचा उत्तरेकडचा. लूमवर धोट्याला फटका मारून पलीकडे पाठवणारा कातड्याचा एक ठोकळा असतो, त्याला पिकर म्हणतात. मिनिटाला शे-दीडशे वेळा मार खातो आणि महिनोन् महिने टिकतो. एवढा मार सोसणारं कातडं ब्रेकला का नको? रामनाथने जुन्यातला एक चांगला, जाडजूड पिकर काढून दिला. केसरीनाथने तो कापून चार गुटके केले आणि पुढे-मागे दोन्हीकडे बसवले. पुलाच्या उतारावर सायकल जागच्या जागी थांबली.

नोव्हेंबरातल्या रविवारी दुपारी नवशा सखीला घेऊन सायकल न्यायला आला. शाळा दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होती. पोरगी किडकिडीत, डोळे सगळीकडे. ती मागच्या चाकापाशी वाकली आणि तिने नाक मुरडलं.

"वास येतंय," ती म्हणाली.

"ही भिवंडी हाय पोरी," केसरीनाथ हसून म्हणाला. "हितं सगळ्यालाच वास येतो." मग नवशाला बजावलं, "उतारावर ब्रेक सोडू नको. वरून खालपर्यंत दाबूनच ये. डोळे मिटून उतरशील."

डोळे मिटून उतरशील. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

सोमवारी सव्वाआठला मी कामावर जाताना नेहमीसारखा दुकानापाशी थांबलो. केसरीनाथ हातात वर्तमानपत्राचा कागद घेऊन उभा होता. उरलेला कातड्याचा तुकडा त्याने त्या कागदावर ठेवून रविवारभर दुकानाच्या पत्र्यावर उन्हात टाकला होता. कागद तेलाने पारदर्शक झाला होता. त्याच्यातून पलीकडचा रिक्षा स्टँड दिसत होता.

तो तडक गल्ली ओलांडून रामनाथकडे गेला. मी मागोमाग. रामनाथ नुकता रात्रपाळी करून आला होता.

"इसमें तेल था?" केसरीनाथने विचारलं.

रामनाथला प्रश्नच कळेना. "सूखा पिकर कौन लगाता है भाई? महीना भर तेल में डुबोके रखा था. तुमको तो सबसे बढ़िया वाला दिया."

भिवंडीत कोरा पिकर कोणी लूमला लावत नाही, तो फुटतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्हा दोघा शहाण्यांना नव्हतं. पुलाचा उतार छोटा, कातडं तापलंच नाही. डोंगराचा उतार दीड किलोमीटर, आणि वरून खालपर्यंत ब्रेक दाबून ये म्हणून याने सांगितलेलं. गुटके तापणार, तेल बाहेर येणार, रिमला लागणार. मागे पोरगी बसलेली. सखीची शाळा साडेदहाची. नवशा साडेनवाच्या सुमाराला निघणार.

फोन करायला पाड्यावर फोन कुठला? मी स्कूटर काढली. ती नेहमीप्रमाणे सुरू होईना. तिला आडवी केली, लाथा घातल्या, तेव्हा कुठे लागली. नाक्यावर शिफ्ट सुटलेली, रिक्षा आडव्यातिडव्या, मधोमध सुताचा टेम्पो बंद पडलेला. केसरीनाथ खाली उतरून टेम्पो ढकलू लागला. साडेआठ तिथेच वाजले.

"जरा जोरात घ्या," तो मागून म्हणाला.

"जोरातच घेतोय," मी ओरडलो. "आधी विचारलं असतंस तर? एक शब्द, रामनाथला. पण नाही, तू कशाला विचारशील लूमवाल्याला."

त्याने माझ्या खांद्यावरचा हात आवळला. मी रागावलो होतो ते भीतीपायी. कुठे सडक खोदलेली, कुठे गवताचे ट्रक रांगेने पुढे चाललेले. प्रत्येक ट्रकमागे मी मनात मिनिटं मोजत होतो. अंबाडी आली तेव्हा बाजारातल्या घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. पुढे खडी, मग धूळ, मग डोंगराचा पायथा. तिथे स्कूटर टाकली आणि पळत सुटलो.

चढ अंगावर येत होता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली कोरडा ओढा, धोंड्यांनी भरलेला. केसरीनाथ माझ्या पुढे होता. "नवशा, ब्रेक लावू नको," असं ओरडत होता. ब्रेक लावू नको म्हणजे मग काय करू, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वळणाच्या वर तो एकदम थांबला. वाटेच्या आतल्या अंगाला कापलेल्या गवताची गंजी होती, अर्धी विस्कटलेली. तिच्यातून ते अठ्ठावीस इंची चाक वर आलं होतं आणि हळूहळू फिरत होतं. मला त्याला ओलांडून पुढे जावं लागलं.

गंजीच्या पलीकडे नवशा बसला होता. डावा हात मनगटापाशी वाकडा झालेला, उजव्या हाताने तो धरलेला. सखी त्याच्या शेजारी उभी राहून दप्तराला चिकटलेलं गवत काढत होती. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही.

"दोन वळणां लागला ब्रेक," नवशा म्हणाला. "मंग निसटाया लागला. खाली ओढा दिसला, म्हून गवतात घातली."

केसरीनाथ आला. त्याने पुढच्या रिमवरून बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट आम्हाला दाखवलं. "माझी चूक हाय नवशा. तुझी न्हाय, सायकलची पन न्हाय. माझी."

"मी काल बोललू," सखी म्हणाली, "वास येतंय."

तिने दप्तर खांद्याला अडकवलं. मग तिने विचारलं, "शाळा भरली का?"

मी तिला पायथ्याशी नेऊन स्कूटरवर घातलं. घंटा झाली तेव्हा आम्ही फाटकात होतो. मास्तरांनी तिचं नाव घेतलं, ती हजर म्हणाली, आणि मी बाहेर व्हरांड्यात टेकून बसलो.

नवशाच्या हाताला प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. संध्याकाळी आम्ही त्याला आणि सखीला पाड्यावर पोचवलं. नवशाची बायको मंगळी दारात उभी होती. आता सहा आठवडे पोरीला कोण नेणार, हे तिने विचारलं नाही. ती फक्त प्लास्टरकडे बघत होती. आजचा एक दिवस हजेरी लागली, उद्यापासून काय, हे आम्हा सगळ्यांच्या मनात होतं.

"मी नेतो," केसरीनाथ म्हणाला. "दुकान बंद ठेवतो. हितंच पडवीत ऱ्हातो. रोज नेतो, रोज आनतो."

"ह्याच सायकलीवर?"

"ह्याच."

मंगळीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आदी तुमी एकलं उतरा. मी बघंन. मंग पोरीचं सांगंन."

मी तिच्या जागी असतो तर त्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नसतं.

मला त्याने रबराच्या गुटक्यांसाठी भिवंडीला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी उजाडता मी गुटके घेऊन परत पाड्यावर पोचलो, तर तो दोन्ही रिम रॉकेलने पुसून राखेने घासत बसला होता. वाकडी झालेली पुढची रिम तारा ओढून सरळ केली होती. रबराचे गुटके बसवले. ते आठवड्यात झिजणार हे त्याला ठाऊक होतं. "झिजू दे," तो म्हणाला. "दर शनिवारी नवीन घालीन."

मग त्याने कॅरियरवर भाताचं पोतं बांधलं, सखीच्या वजनाएवढं, आणि निघाला. मंगळी कातळावर उभी राहिली. पहिलं वळण, दुसरं वळण. गंजीपाशी त्याने मुद्दाम सायकल पूर्ण थांबवली, पाय टेकला, पुन्हा निघाला. तिसऱ्या वळणानंतर तो दिसेनासा झाला. मंगळी पापणी हलवत नव्हती. मी जन्मात कधी नवस बोललो नाही, तेव्हा बोललो. बऱ्याच वेळाने तो पोत्यासकट सायकल चालवत वर येताना दिसला. घामाने निथळत होता, पण चालवत होता. मागचं लहान चाक चढत होतं.

मंगळीने पोतं सोडलं. "सखे, दप्तर घे," ती म्हणाली.

सखी दप्तर घेऊन आली, पण बसली नाही. ती मागच्या चाकापाशी वाकली. एका गुटक्यावरून तिने अंगठा फिरवला आणि हुंगला. मग दुसऱ्यावरून. मग पुढे जाऊन तिसऱ्यावरून आणि चौथ्यावरून. केसरीनाथ हँडल धरून मान खाली घालून उभा होता, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

"वास न्हाय," ती म्हणाली, आणि त्याच्या मागे बसली.