आबांच्या दस्तीचा कोपरा

हे सांगितल्याशिवाय आज बसवत नाहीये.

सकाळी माहेरी, पुसेगावात, वडिलांची, आबांची, गळ्यातली दस्ती, म्हणजे रुमाल, धुताना हात थांबला. तिच्या कोपऱ्याच्या चावून चावून पार चिंध्या झालेल्या.

आबांना कॅन्सर आहे. उपचार थांबलेत, आता फक्त वेदना कमी करायच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी ठरल्या वेळी द्या म्हणून सांगितलंय. पण आई म्हणते, "सवय लागंल. कण्हले की देऊ."

आणि आबा कण्हतच नाहीत.

मी दस्ती त्यांच्यापुढं धरली. "आबा, दुखतंय म्हणून काहून सांगितलं न्हाई?"

"घरात सून हाय. भेटायला पाहुणे येऊन राहिले. त्यांच्यासमोर कसं कण्हावं, बाई?"

गोळी दिली, झोपले. मी मात्र तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालतेय.

तुमच्या घरातलं आजारी माणूस शांत पडलंय का? एकदा त्याच्या पांघरुणाचा कोपरा बघा.