महानंदाची हिरवी कॉट

आमच्या बोळात समोरच्या दारावर पत्र्याची पाटी लागलीय. 'रूम उपलब्ध. कॉट बेसिस. फक्त मुलांसाठी.' सकाळी दार उघडलं की पहिली तीच दिसते आणि माझं डोकं फिरतं. चहासुद्धा गोड लागत नाही. त्या दारामागं महानंदा शिवशरण राहत होती. माझी वैष्णवी पोटात होती तेव्हापासून राहत होती, आणि आता वैष्णवीलाच दोन पोरं आहेत.

मी सारजा. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या ह्या बोळात माझं स्वतःचं दीड खोलीचं घर आहे, सासऱ्यानं बांधलेलं. खिडकीशी मशीन मांडून मी टॉवेलच्या कडा शिवते. खिडकीसमोरच महानंदाचं दार. तेव्हा जे सांगतेय ते ऐकलेलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

महानंदा कडक भाकरी करायची. बाजरीची, ज्वारीची. थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत शेकत बसायची. लई सबुरीचं काम. माझ्यासारखीला एक दिवस जमायचं नाही. नवरा लवकर गेला, तर ह्या भाकरीवर तिनं लेक शिकवली. बुद्धप्रिया आता कुर्डुवाडीला असते, जावई रेल्वेत आहे. लेक म्हणायची, "आई, ये इकडं." ही म्हणायची, "माझी गिऱ्हाइकं हितं हायत, तितं येऊन काय करू?" मागच्या खोलीत चुली, पुढच्या खोलीत भाकरीच्या चळती, आणि सात रस्त्यावरची दुकानं हाकेच्या अंतरावर. टोपली डोक्यावर घेतली की चालत जाऊन चालत परत. ती जागा होती म्हणून धंदा होता. जागा गेली की सगळंच गेलं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि घरमालकालाही चांगलं माहीत होतं.

घर काशम्माचं. अक्कलकोटकडची बाई, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची, तोंडानं अशी फटकळ की कावळा अंगणात उतरायला भ्यायचा. खोली द्यायच्या दिवशी तिनं महानंदाला आडनाव विचारलं, काय समजायचं ते समजली, वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाली, "इरु." म्हणजे राहा. झालं. कागद नाही, शिक्का नाही. त्या एका शब्दावर महानंदा राहिली. काशम्मा तिला रोज शिव्या घालायची आणि रोज तिच्याच हातची भाकरी खायची. बोळात कधी नळाला चार दिवस पाणी आलं नाही तर स्वतःच्या हौदातलं द्यायची, वर परत शिव्या घालायची. कानडीतल्या सगळ्या शिव्या महानंदा तिच्याकडूनच शिकली. शिकली म्हणजे नुसती समजायला शिकली. तिच्या तोंडून कधी एक वाकडा शब्द मी ऐकला नव्हता.

काशम्मा गेली आणि घर आलं लेकाकडं, दिग्विजयकडं. ह्याला महानंदानं लहानपणी शेंगाचटणी लावून भाकरी भरवलीय. आता मोठे साहेब झालेत. आमच्या भागातल्या घरमालकांनी मोबाइलवर एक ग्रुप काढलाय, त्यात हा पुढारी. क्लास वाढले, कॉलेजं वाढली, दवाखान्यात शिकाऊ पोरं आली, तशी ह्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. एकानं भाडं वाढवलं की तासाभरात सगळ्यांचं वाढतं. मंडईत कांदा चढतो तसा उतरतो तरी. खोलीचं भाडं उतरलेलं कुणी बघितलंय का? असेल तर यावं माझ्याकडं, चहा पाजते. आणि एवढं भाडं कशाचं, तर पाणी पाच दिवसाआड आणि भिंतीला ओल! लाज म्हणून काही आहे की नाही?

तर एक दिवस दिग्विजय महानंदाच्या दारात येऊन उभा राहिला. खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "मावशी, आता कॉट बेसिसवर जायचं म्हणतोय. सगळेच करायलेत. महिन्याभरात बघा तुमी काय ते." आणि गेला.

महानंदा माझ्याकडं आली. "सारजाक्का, दिग्विजय म्हणतोय कॉट पायजे."

"कशाला?"

"त्यानं मागं नवी फरशी घातली न्हाय का? मी खाली वाकळ टाकून झोपते. फरशी खराब होती म्हणत आसंल. महिन्याची मुदत दिलीय."

मलाही ते पटलं. का पटू नये? आम्हाला काय माहीत, माणसाला खोली द्यायची सोडून खाट भाड्यानं द्यायची पद्धत आलीय म्हणून! कॉट म्हणजे कॉट. आम्ही दोघी जुन्या बाजारात गेलो. लोखंडी, रुंद, जाड पायांची एक कॉट तिला आवडली. विकणाऱ्यानं पाय हलवून दाखवले. "वेल्डिंग केलंय बगा. पाय निघायचे न्हाईत, पर मोडायचे बी न्हाईत." हातगाड्यावर टाकून आणली. काशम्माच्या घराचं दार जुन्या पद्धतीचं, दोन फळ्यांचं, ऐसपैस. सरळ आत गेली. महानंदानं तिला स्वतः हिरवा रंग दिला. रंग वाळला त्या रात्री मी विचारलं, "कसं वाटतंय गं वर झोपून?" तर लाजली. म्हणाली, "पडंल म्हणून भ्या वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं दिग्विजयला हाक मारली. "बघ बाबा, आणली कॉट. तुजी फरशी आता जपून राहील."

तो बघतच राहिला. मग जो हसायला लागला! पोट धरून हसला. हसता हसता त्याच कॉटवर बसला. "अवो मावशी, कॉट बेसिस म्हणजे पोरं ठिवायची. एका खोलीत चार कॉट, चार पोरं, चौघांचं येगळं भाडं. तुमी एकट्या देता तेवडं एक पोरगं देतंय. तुमाला खोली खाली करायला सांगत होतो मी." आणि मोबाइल काढून त्यानं हिरव्या कॉटचा फोटो घेतला, त्या ग्रुपवर टाकायला. "लई भारी झालं हे," म्हणाला. आणि निघताना वर म्हणतो, "एक कॉट तर झाली की. आता तीनच आणाय लागतील."

महानंदा दाराला धरून उभी होती. चेहरा पिठासारखा पांढरा. मी खिडकीतून ओरडले, "दिग्विजय, तुझी आई असती तर तुझं थोबाड रंगवलं असतं तिनं!" त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. अंगाची लाही लाही झाली माझ्या.

मग आम्ही खोली शोधायला निघालो. किती दारं हिंडलो ते विचारू नका. पहिल्या ठिकाणी, "फॅमिलीला देत नाही, कॉट बेसिस आहे." दुसऱ्या ठिकाणी तेच. म्हणजे ज्यांना घर आहे त्यांनी घरात पोरं कोंबायची, आणि ज्यांना संसार आहे त्यांनी संसार घेऊन कुठं जायचं? तिसऱ्या ठिकाणी मात्र रिकामी खोली होती. बाई गोड बोलली, पाणी दिलं, खोली दाखवली, चूल पेटवायलाही हरकत नाही म्हणाली. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"शिवशरण."

"अगोबाई! ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय. मी विसरलेच बघा."

आम्ही जिना उतरत होतो तर बाईनं मला एकटीला मागं बोलावलं. हळू आवाजात म्हणते, "तुम्हाला पाहिजे असेल तर सांगा, तुम्हाला देऊ आम्ही." मी काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण अख्ख्या जिन्यात घुमलं. खाली महानंदा उभी होती. तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "चल सारजाक्का. काशम्मानं बी आडनाव इचारलंच हुतं की. पर ती इरु म्हणली."

तुम्ही म्हणाल, सारजाबाई, तुझ्याकडं का नाही ठेवलीस? माझ्या दीड खोलीत मी, नवरा, लेक, जावई आणि दोन पोरं झोपतो. आणि भाकरीच्या चुली कुठं मांडायच्या, माझ्या डोक्यावर? मीच रात्रंदिवस तो विचार केला आणि हात चोळत बसले.

शेवटी शहराबाहेर, विडी कामगारांच्या वसाहतीच्याही पलीकडं, एक पत्र्याची खोली मिळाली. सात रस्त्याला यायचं म्हणजे आता रिक्षा आली. भाकरीचे पैसे रिक्षावालाच खाणार. पण दुसरं काही नव्हतं.

सामान निघायच्या दिवशी दिग्विजय हजर. टेम्पोत चुली चढल्या, पिठाचे डबे चढले. कॉट बाहेर काढायला लागलो तर पुढं झाला. "कॉट राहू द्या मावशी. एका पोराला सांगून ठिवलंय, कॉट तयार हाय म्हणून. ॲडव्हान्स बी घेतलाय."

महानंदानं हातातली टोपली खाली ठेवली. कॉट अंगणाच्या मधोमध ओढली आणि वर मांडी घालून बसली. सगळा बोळ दारात आला होता.

"राहू देते की," म्हणाली. "पर कॉट माजी हाय. तू पोराकडनं एका कॉटचं म्हैन्याला जेवडं घेतोस, तेवडं मला दर म्हैन्याला आणून दे. कॉट बेसिस म्हण."

अख्खा बोळ हसला. मी तर टाळ्या वाजवल्या. दिग्विजयचं तोंड असं झालं की बघत राहावं. बाजूला झाला, आणि आम्ही कॉट वाजतगाजत टेम्पोत चढवली. कितीतरी दिवसांनी मी पोटभर हसले.

पण आमचं हसणं तिथपर्यंतच. नव्या खोलीपाशी टेम्पो थांबला. सामान आत गेलं आणि कॉट दारात अडली. एवढंसं पत्र्याचं दार! आडवी केली, उभी केली, तिरकी केली. आत जाईना. पाय काढावेत तर वेल्डिंग. कॉट बाहेर, पत्र्याला टेकून ठेवली. आत चुली मांडल्यावर महानंदाला पाय लांब करायलाही जागा उरली नाही.

एवढ्यात नवा मालक आला. खिशाला पेन, कानाला मोबाइल. खोलीकडं बघितलंच नाही, आधी कॉटकडं बघितलं. म्हणाला, "बाहेरची जागा भाड्यात धरलेली न्हाय बरं का. कॉट हितं ठिवणार आसाल तर त्येचं येगळं पडंल."

मी तोंड उघडलंच होतं. पण महानंदा माझ्या आधी बोलली. तिनं त्या माणसाला एक शिवी दिली. कानडीत, काशम्माची, खास ठेवणीतली. अगदी हळू आवाजात, प्रत्येक अक्षर स्वच्छ. मालकाचे कान लाल झाले. सोलापुरात राहून कानडी शिवी कळत नाही असा माणूस अजून जन्मायचाय. "बघतो तुमाला," म्हणाला आणि तरातरा गेला.

महानंदानं कॉटवर पांढरं धोतर अंथरलं आणि टोपलीतल्या भाकरी एकेक करून त्याच्यावर पसरायला घेतल्या. मी तिच्या शेजारी बसले.

"महानंदा," मी म्हणाले, "उद्या त्यानं हितनं बी जा म्हणलं तर गं?"

तिनं भाकरी उलटी करून बघितली, ठेवली.

"म्हणू दे," ती म्हणाली. "कॉट तर बाहेरच हाय की."