माझ्या पसंतीचे चार टायर

आमच्या घरात माणसं तीन आणि गाडीत सीटा दोन, हे गणित गाडी दारात उभी राहिल्यावर आमच्या लक्षात आलं.

गाडी माझ्या मुलीची, प्राजक्ताची. ठाण्याच्या कुठल्याशा हौशी माणसाकडून तिने ती जुनी घेतली. लाल, बुटकी, स्पोर्ट्स कार म्हणतात तसली. भिवंडीच्या नारपोलीत आमच्या गल्लीत शिरली तेव्हा पॉवरलूमवाले शिफ्ट सोडून बघायला बाहेर आले. मी दोन फेऱ्या मारून गाडी तपासली आणि विचारलं, "मागची सीट कुठाय?"

"बाबा, अशा गाडीला मागची सीट नसते."

"मग मी कुठे बसू?"

यावर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून बाजूच्या सीटवर माझी बायको बसते आणि मी मागून रिक्षाने येतो. (रिक्षाला मागची सीट असते.)

त्या सीटचं सुख तसं फार नव्हतं. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर आणि आमच्याकडचे गतिरोधक वीतभर उंच! त्यामुळे प्रत्येक गतिरोधकापाशी ही खाली उतरायची, पदर सावरत पलीकडे चालत जायची आणि गाडी घासत-कण्हत आली की पुन्हा आत बसायची. बाजारात जाऊन येईपर्यंत गाडीपेक्षा हीच जास्त चालायची. पण सीट सोडायचं नाव नाही! मला हेवा वाटत होता, हे मी उघड कबूल करतो. एकदा तरी त्या सीटवर बसून आपल्याच रिक्षावाल्याला हात करावा, एवढीच माझी इच्छा होती.

शेवटी नशीब उघडलं. गाडीचे टायर गुळगुळीत झाले.

आता टायर म्हणजे माझं क्षेत्र. कशेळीच्या एका गोदामात मी तीस वर्षं फाटकावर सुपरवायझर होतो. ट्रक फाटकाशी आला की टायर किती बसलाय ते बघून मी आतल्या मालाचं वजन सांगायचो. वजनकाटा नंतर! "ओव्हरलोड! उतरव!" हे दोन शब्द मी इतक्यांदा उच्चारलेत की अजूनही झोपेत बोलतो, असं बायको सांगते.

रविवारी संध्याकाळी कशेळीला हिच्या चुलतभावाच्या मुलाची हळद होती. प्राजक्ताने निकाल दिला, "मी सकाळी गाडी अन्वरभाईंच्या दुकानात सोडते. टायर बाबांनी बसवून घ्यायचे. मग हळदीला बाबा माझ्या बाजूला."

"आणि मी?" बायकोने विचारलं.

"तू बाळाराममामाच्या टेम्पोतून."

"पैठणी नेसून टेम्पोत?"

मी चेहरा गंभीर ठेवला. मला ते फार जड गेलं.

प्राजक्ताने चिठ्ठीवर टायरचा नंबर लिहून दिला. खाली लिहिलं होतं, 'हाच नंबर. दुसरा नको. बाबा, डोकं चालवू नका.'

दुपारी मी दुकानात गेलो. सोबत बाळाराम, म्हणजे हिचा सख्खा भाऊ. याने आपल्या टेम्पोतून रेतीपासून नवरदेवापर्यंत सगळं वाहिलेलं असल्यामुळे त्याचंही मत घेणं भाग होतं. अन्वरभाईने चिठ्ठी वाचली आणि एक टायर काढून समोर ठेवला. बारीक, चपटा, बांगडीसारखा.

"ह्यो टायर हाय?" बाळाराम म्हणाला. "भावोजी, याच्यात तर कायच न्हाय!"

"इस गाडी में ऐसाच आता है," अन्वरभाई म्हणाला. "लेकिन चाचा, अभी एक ही आया है. बाकी के तीन मंगल को आएँगे, ठाणे से."

"मंगळवारी? हळद आज आहे!"

"तो हल्दी में रिक्षा से जाओ."

तो सहज बोलला, पण मला ते लागलं. दीड महिन्याची तपश्चर्या अशी मंगळवारवर ढकलायची? मी दुकानात फिरलो. टायर दाबून पाहिले, हुंगून पाहिले, दोन-तीन लाथा घातल्या. (अन्वरभाई म्हणाला, "चाचा, उसने क्या बिगाडा है?") आणि कोपऱ्यात मला ते चार दिसले. जाडजूड, टरटरीत, खोल नक्षीचे. पिकअपला लावतात तसले.

"हे बसतील?"

"रिम का नाप वही है, चढ तो जाएगा. पर ऊँचा है. बेटी ने दूसरा लिखा है ना?"

"ऊंच हाय म्हंजे गतिरोधकाला पोट घासनार न्हाय!" बाळाराम आनंदाने ओरडला.

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. "बेटी को हम समझाएगा," मी म्हणालो. (माझं हिंदी भिवंडीत तीस वर्षं चाललंय, कोणाची तक्रार नाही.)

टायर बसले. गाडी चवड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसू लागली. अन्वरभाईने एक फेरी मारली. गाडी गेली, वळली, आली. कुठे काही आवाज नाही. अन्वरभाई अंगाने हडकुळा आहे, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

पाच वाजता मायलेकी नटून-थटून रिक्षातून उतरल्या. प्राजक्ता गाडीकडे बघत राहिली.

"बाबा, ही कुणाची?"

"तुझीच. जरा उंच झाली."

"मी चिठ्ठी दिली होती ना?"

"चिठ्ठीतले मंगळवारी येणार होते. आणि हे बघ, आता गतिरोधकाला कुणालाही उतरावं लागणार नाही!"

ती कपाळाला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात मी दार उघडून आत शिरायला लागलो. आधी पाय घातला, मग डोकं, मग डोकं बाहेर काढून दुसरा पाय. बाळारामने खांद्याने रेटलं आणि मी एकदाचा सीटवर टेकलो. काय ती सीट! मी काच खाली केली आणि मायलेकींना सोडून परत निघालेल्या रिक्षावाल्याला झोकात हात केला. बायको पैठणीचा पदर कमरेला खोचून टेम्पोकडे बघत होती.

गाडी निघाली. सरळ छान गेली. रस्त्याला लागायला प्राजक्ताने स्टिअरिंग वळवलं, आणि माझ्या बाजूने आवाज आला, "घर्रर्र!"

गाडी निम्मी रस्त्यात, निम्मी दुकानात. मागे ट्रक, ट्रकमागे टेम्पो, टेम्पोमागे सगळी भिवंडी! हॉर्न सुरू झाले. अन्वरभाई धावत आला आणि गुडघे टेकून चाकापाशी वाकला.

"मडगार्ड को लगता है. चाचा, जरा उतरो."

मी उतरलो. (पाय, डोकं, पाय.) गाडी उसासा टाकून वर आली. मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटांची फट पडली.

"बैठो."

मी बसलो. फट गायब.

"उतरो."

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी बघ्यांनीच "उतरो!" म्हणायला सुरुवात केली.

"बाबा, तुमचं वजन किती?" प्राजक्ताने हळूच विचारलं.

"हा घरी विचारायचा प्रश्न आहे. रस्त्यात विचारायचा नाही," मी म्हणालो.

एवढ्यात मागच्या ट्रकमधून ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. त्याने टायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, सुपरवायझर साहब! पहचाना? कितनी बार मेरा माल उतरवाया आपने! टायर तो पूरा बैठ गया है. बोलो ना साहब, क्या बोलते थे आप?"

हॉर्न थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खिडकीतून खाली वाकून टायर पाहिला. तीस वर्षांची नजर खोटं बोलेना.

"ओव्हरलोड," मी म्हणालो. "उतरव."

आणि स्वतःच उतरलो.

बायको तोपर्यंत दारापाशी येऊन उभी होतीच. ती अलगद आत बसली, फट जागच्या जागी राहिली आणि गाडी लोण्यासारखी वळली. पुढच्या गतिरोधकावर ती उतरली नाही. गाडी न घासता पार गेली आणि खिडकीतून एक हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर येऊन झोकात हलला. तो मला होता.

टेम्पोत पुढच्या सीटवर बाळारामने हळदीचे हार ठेवले होते. ते चुरगळतील म्हणून मी मागे हौद्यात, काढलेल्या जुन्या टायरांवर बसलो. कशेळीच्या पुलापर्यंत तो ट्रकवाला मागून येत होता. दर दोन मिनिटांनी तो हॉर्न वाजवून सलाम करायचा. मीही उलट सलाम करत होतो, करतो काय!

मांडवात जेवणाची पंगत बसली तेव्हा प्राजक्ता शेजारी येऊन म्हणाली, "बाबा, मंगळवारी चिठ्ठीतले टायर लावू. नाहीतर तुम्ही चार किलो कमी करा, म्हणजे याच टायरांवर बसाल."

"कशाला बदलायचे?" बायको म्हणाली. "चांगले आहेत की टायर! यांची निवड आहे."

तीस वर्षांच्या संसारात माझ्या निवडीची बाजू तिने पहिल्यांदाच घेतली. मला भरून आलं. तेवढ्यात, घरी माझ्या ताटातल्या भाकऱ्या मोजणारी ही बाई स्वतः उठली, मटणाचं भांडं घेऊन आली आणि माझ्या ताटात तांदळाची तिसरी भाकरी टाकून वर रस्सा ओतला.

"घ्या हो, संकोच करू नका," ती प्रेमाने म्हणाली. "वजन कमी व्हायला नको."

मला तिचा डाव कळला: हे टायर आणि माझं वजन टिकलं की सीट तिचीच. पण तीस वर्षं गाड्या अडवताना मी कधी गाडीची बाजू ऐकून घेतली नव्हती, ती त्या संध्याकाळी समजली. माल चांगला असला की गाडी नाही म्हणत नाही. मी चौथी भाकरी मागितली.