पानी म्हणणाऱ्या बाई

त्या बाईंना लांब पडत होतं, म्हणून त्या आमच्या डोंबिवलीच्या प्राथमिक शाळेत रुजू झाल्या नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. मुख्याध्यापक म्हणून मीच त्यांना नाकारलं.

जालन्याकडून त्या नुकत्याच कल्याणला मावशीकडे आल्या होत्या आणि पहिलीच नोकरी शोधत होत्या. पाठ घेऊन दाखवा म्हटल्यावर त्यांनी पर्समधून स्वतःचा खडू काढला, ओढणी कमरेला बांधली आणि मुलाखत घेणाऱ्या आम्हा तिघा म्हाताऱ्यांना पहिलीची मुलं समजून विचारलं, "नळाला पानी कुठून येतं रे?"

आम्ही हसलो. मी म्हणालो, "बाई, पाणी म्हणा. मुलं काय शिकतील?"

"पाणी," त्या स्वच्छ म्हणाल्या. "येतं मला, सर. पण पहिलीतलं पोरगं घरचंच बोलत येतं. त्याला हसलं, की ते वर्षभर तोंड उघडत नाही."

बरोबर होतं, म्हणूनच झोंबलं. "तुमचं इथे जमणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी हातावरची खडूची पूड झटकली. "मग इथून जवळची दुसरी मराठी शाळा कुठली?"

मी रस्ता सांगितला. नाक्यावरून डावीकडे की उजवीकडे, हे त्यांनी पुन्हा विचारून पक्कं केलं आणि त्या भर उन्हात चालत निघाल्या.